अंतर देणे

सोहारच्या बंदरामागे, ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात
माझं काम एका ओळीत सांगता येतं:
मी अंतर देतो.

पितळी गोळ्यांना.
मनोऱ्याचे बारा मजले, बारा जोड्या,
पपनसाएवढे गोळे समोरासमोर,
आणि मध्ये अठ्ठावीस मिलिमीटर हवा.
हवाच इथली कडी, हवाच कुलूप.

भरताना सगळे कपॅसिटर पंगतीला बसतात,
सगळ्यांच्या पानात सारखंच: पंचाहत्तर हजार.
कुणी हलत नाही.
मग मी बटण दाबतो, खालच्या जोडीत ठिणगी पडते,
आणि बसली पंगत उठून
एकाच्या खांद्यावर एक चढते.
नऊ लाख. तेही डोळा मिटायच्या आत,
डोळा मिटणं म्हणजे इथे युग.
आवाज मात्र छातीत बराच वेळ राहतो,
आणि नाकात तो वास,
धुतलेल्या पत्र्यासारखा.

मनोरा उभा करताना एक पाळावंच लागतं:
जोड्या एका रेषेत हव्यात,
मध्ये पत्रा नको, फडकं नको.
पहिलीचा उजेड वरचीने पाहिला पाहिजे.
पाहिला की ती पेटायला तयार होते.
हे मी नाही म्हणत, पुस्तकात आहे.

दुर मोहम्मद, बलुची, इथल्याच किनाऱ्यावरचा,
शॉट झाल्यावर लांब काठीची आकडी लावून
मनोरा जमिनीला जोडतो.
मिनिटभराने पुन्हा लावतो.
"उस्ताद, रिकामा झाला म्हणून सोडलास
तर आतलं हळूहळू वर येतं.
तेल विसरत नाही."

कराडच्या दवाखान्यात आई म्हणाली होती,
एकमेकांना अंतर देऊ नका.
हेमांगी उशाशी, मी पायथ्याशी.
दोघांनी मान हलवली.
आता ती फुजैराला नर्स आहे,
मध्ये एक सीमाचौकी आणि शंभरेक किलोमीटर डांबर.
चार वर्षं झाली.
मला नेमकं किती द्यायचं ते कळतं,
गेजने मोजून, दोनदा तपासून.

जूनमधली रात्र. दिवसभर वारा सुटलेला,
दारांच्या फटींना ओले टॉवेल लावूनही
दातांखाली वाळू.
मस्कतचे इन्स्पेक्टर काचेमागे, चहाचा चौथा कप.
भरायला घेतलं: चाळीस, पन्नास, साठ.
त्रेसष्टला उडालं.

माझं बोट बटणापासून वीतभर लांब होतं.
इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी बोटाकडे.
त्यांनी शॉट बाद केला.

आकडी, मिनिटभर थांबणं, पुन्हा आकडी.
मग शिडी.
चौथ्या मजल्यावर, गोळ्याच्या पोटाशी
काळा ठिपका, त्यात काहीतरी वितळलेलं.
वाळू असेल, मीठ असेल.
नखावर मावला नसता, एवढा कण.
स्पिरिट लावलं, शॅमीने पुसलं.

खाली येऊन लॉकर उघडला, पाणी प्यायला.
फोनवर दोन वाजून दहा मिनिटांचा मेसेज,
नाइट ड्यूटीवरून:
आईच्या पाटल्यांची पावती तुझ्याकडे आहे का?

कसा आहेस नाही. दादा नाही.
पावती.

मी लिहिलं, आहे.
ते पोचायच्या आत, खरंच, आत,
फोन वाजला.

बाहेर क्रेनच्या दिव्यांभोवती धूळ पिवळी झाली होती.
पावतीचं दोन वाक्यांत संपलं.
नंतरचं इथे लिहिण्यासारखं नाही,
काही तिचं रडणं, काही माझं ओरडणं,
मध्येच तिला वॉर्डातून हाक,
"ठेवू नकोस, आले," असं म्हणून गेली,
आणि मी रिकामा फोन
कानाला लावून उभा.

दुर मोहम्मद दारात आला, बघितलं, परत गेला.
इन्स्पेक्टरांना त्याने काय सांगितलं कुणास ठाऊक,
पण पाचवा कप चहा झाला.

पहाटे गोळे पुन्हा लावले. अठ्ठावीस.
त्याहून कमी करता येत नाही.
शिक्का बसला, ट्रान्सफॉर्मर पास.
रजिस्टरात त्या बाद शॉटसमोर
शेरा लिहायचा असतो.
लिहिला:
आपोआप उडाली. कारण: कण.